माहेरच्या नावाची पाकिटे

हरमल गावातल्या आणि साऱ्या पेडणे महालातल्या माझ्या बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरात आईचा फोटो नाही अशा सगळ्यांनो, हे मृत्युपत्र माझ्या घरच्यांइतकेच तुमच्यासाठी आहे. आपले गाऱ्हाणे एकच आहे. आपल्या भिंतीवर बाप आहे, आजा आहे, देव आहेत, पुढारी आहेत. आई नाही. ती गेल्यावर आपण कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन फोटोग्राफरकडे धावतो आणि नखाएवढ्या तोंडावर बोट ठेवून म्हणतो, ही मोठी करून दे. ती बोटे मी बरीच वर्षे पाहिली आहेत. ती एका तोंडावरून दुसऱ्यावर सरकतात, कारण बोट ठेवणाऱ्यालाच खात्री नसते.

मी, गणपत बाबली पालयेकर, वय पासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार हरमल, तालुका पेडणे, माझ्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला सभेत बोलायची बंदी केली आहे. घरात बोलायची बंदी माझी पत्नी सोनाबाई हिने त्यापूर्वीच केली होती. लिहायला अजून कोणी बंदी केलेली नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मला कोणाची भीड नाही. ती कधीच नव्हती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे पुष्कळ केली. या मजकुराने ती रद्द झाली असे कोणी समजू नये.

१. घर. आमच्या गोव्यात अजून चालणाऱ्या पोर्तुगीज कायद्याप्रमाणे या घराचा अर्धा भाग लग्नाच्या दिवसापासूनच सोनाबाईचा आहे. तो मी तिला 'देतो' असे लिहिणे म्हणजे तिच्याच ताटातला घास तिला वाढणे होय. पोर्तुगीजांविषयी मी आयुष्यभर जे बोललो त्यातला एक शब्द मागे घेत नाही, पण हे एक कलम त्यांनी बरे ठेवले. माझ्या अर्ध्यातला अर्धा कायद्यानेच माझा एकुलता मुलगा गौरेश याचा आहे. उरतो तेवढाच भाग माझ्या मर्जीचा. त्या भागात मी न्हाणीला लागून असलेली उत्तरेची खोली घालतो, आणि ती खोली, तिच्यातल्या सर्व वस्तूंसह, माझी सून सुविधा हिला देतो.

गौरेशला हे आवडणार नाही, म्हणून कारण लिहितो. गेल्या दिवाळीपासून तो मला एकच सांगत आहे.

"बाबा, गोरे लोक हीच खोली मागतात. थंड आसा. दर्यावयल्यान वारो येता."

"थंड आहे, कारण उत्तरेची आहे. म्हणूनच देणार नाही."

"चार बायलो बसतात थंय म्हयन्याक. कित्याक, फोटो काडूंक! आनी तो फोटो घरा व्हरनात. असलो स्टुडिओ खंय पळयलो तुमी?"

बायांनी फोटो काढायचा आणि घरी न्यायचा नाही, असा स्टुडिओ मीही कुठे पाहिलेला नाही. म्हणून तर लिहीत बसलो आहे. गौरेशवर माझा राग नाही. भाड्याने द्यायच्या स्कूटर, पुढच्या दोन खोल्या, विहिरीकडचे माड, हे सगळे तो माझ्या हयातीतच सांभाळतो आहे आणि चांगले सांभाळतो आहे. ते त्याचेच. बँकेतली शिल्लक सोनाबाईची. फक्त उत्तरेची खिडकी त्याने बुजवू नये. न्हाणीला दुसरे दार पाडून तिथे पर्यटकाची खाट टाकू नये. ही एक खोली गेली तर गावातल्या अनेक आया दुसऱ्यांदा मरतील. हे मी व्यासपीठावरचे वाक्य म्हणून लिहीत नाही. पुढचे कलम वाचावे.

२. खोली फोटोची कशी झाली. पूर्वी तिथे नारळ आणि सोलांच्या बरण्या असत. माझ्याकडे दोन भिंगांचा कॅमेरा होता. किनाऱ्यावरच्या एका जर्मन तरुणाला घरी परतायची घाई होती आणि मला सभांचे फोटो काढायची हौस, म्हणून तो स्वस्तात मिळाला. पुढे शाळेच्या दाखल्यांना, पासपोर्टला लागणारे फोटो मी ओसरीवर काढू लागलो. घोळक्यातले तोंड मोठे करून द्यायचे कामही त्यातच आले.

प्रमोद आणि नितीन हे गडेकरांचे दोघे भाऊ. त्यांची आई पार्वती वारली. दोघे लग्नातला फोटो घेऊन आले. मागच्या रांगेत खांबाच्या आडून एक बाई डोकावत होती, डोक्यावर पदर, अर्धे तोंड. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि बोट ठेवले. मी मोठा करून दिला. त्यांनी चौकट केली, हार घातला, रोज उदबत्ती लावली. वर्षश्राद्धाला मांद्र्याहून त्यांची मावशी शेवंती आली. मीही जेवायला होतो, म्हणून जे ऐकले ते लिहितो.

शेवंती भिंतीसमोर उभी राहिली ती हलेनाच. "ही कोण?"

नितीन म्हणाला, "आमची आवय गे ती, मावशे."

"तुजी आवय? अरे मेल्या, ही हांव! हांव जिती आसां! वर्सभर माका हार घाल्तात? म्हणूनच माजीं ढोपरां दुखतात!"

पंगत हसून आडवी झाली. भटजींच्या हातातली पळी पडली. शेवंतीने स्वतःच्या हाताने तो हार काढला. मग हसू ओसरल्यावर ती भाच्यांना म्हणाली, "माज्या नाकार चामखीळ आसा. तुमच्या आवयच्या नाकार आसली रे?"

नितीन म्हणाला, "पळयलें कोणें, मावशे? ती सदांच रांदपाघरांत."

त्यानंतर पंगतीत कोणी हसले नाही. मी त्या वर्षी अठ्ठावीस गावांत 'आपली माय मराठी' या विषयावर बोललो होतो. त्या दिवशी घरी परत येताना वाटेत मला एकदाही भाषण सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी उत्तरेच्या खोलीतल्या बरण्या बाहेर काढल्या आणि बायांना जिवंतपणीच फोटोला बोलावू लागलो.

३. तरी बाया येईनात. आपल्याकडे भिंतीवर एकटी बाई म्हणजे मेलेली बाई. नवऱ्याच्या शेजारी बसेल, नातू मांडीवर घेऊन बसेल, पण एकटी बसून फोटो काढणे म्हणजे हाराला आमंत्रण. मी त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्या घरी गेल्या.

तोड काढली ती बायांनीच. पहिली जी बसली ती म्हणाली, "फोटो काड. पूण घरा दिवं नाका. हांगाच दवर. हांव गेल्यार पोराक दी." मग दुसरी आली, मग दुसरीची जाऊ. मागल्या दाराने, बाजाराची पिशवी हातात घेऊन. आज त्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत प्रत्येकीचे एकेक पाकीट आहे, त्यात निगेटिव्ह आणि एक छापलेला फोटो. ही सगळी ठेव आहे. माझ्या मालकीचे त्यात काही नाही. म्हणून ट्रंक मी सुविधाला 'देत' नाही, तिच्या ताब्यात सोपवतो. पावसाळ्यात ट्रंकेत कापडात बांधून भाजलेले तांदूळ ठेवावे आणि ते दर पंधरा दिवसांनी पुन्हा भाजावे. दमट हवा फोटो खाते. बाई जिवंत असेतो तिचे पाकीट कोणालाही दाखवू नये, नवऱ्यालाही नाही. गेल्यावर तिच्या मुलाला किंवा मुलीला द्यावे, खालील अटीवर.

पाकिटावर सासरचे नाव नाही. कुळारचे, म्हणजे माहेरचे नाव आहे. बोहल्यावर तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की आपण जुने नाव पुसून टाकतो, आणि पुढे ते घेणारे कोणी उरत नाही. ज्या मुलाला आईचे माहेरचे नाव सांगता येईल त्याला पाकीट मिळेल. ज्याला येणार नाही त्याने मावशीकडे जावे, मामाकडे जावे, पायपीट करावी, विचारून यावे. ही अट कठोर आहे असे सुविधाचेही म्हणणे आहे. असू दे. प्रमोद-नितीनची पायपीट आधी झाली असती तर शेवंतीची ढोपरे वाचली असती.

४. हे नाव विचारायची युक्ती माझी नाही. पहिल्या बाईला मी "हसा" म्हणालो तेव्हा तिने तोंड असे आवळले की जणू मी तिचे दात मोजणार होतो. मी बोलतच राहिलो, हनुवटी वर, खांदे खाली, इकडे बघा. सुविधा दारात तांदूळ निवडत होती. ती मला म्हणाली, "बाबा, तुमी उलयनाकात. तुमी उलयल्यार माणूस सभेंत बसल्यासारको बसता." आणि त्या बाईला तिने सहज विचारले, "गे, तुमचें कुळारचें नांव कितें?"

ती बाई उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबली. त्या क्षणी तिच्या तोंडावर जे आले ते मी कोणत्याही सभेत, कोणत्याही टाळीत पाहिलेले नाही. माझा हात आपोआप बटणावर गेला. तेव्हापासून प्रश्न सुविधा विचारते, आणि गेली पाच वर्षे बटणही तीच दाबते. म्हणून खोली तिची. कारापुराहून ती या घरात आली तेव्हा पूनम होती. दारावर पाटी लावायची असेल तर 'पूनम फोटो' अशी लावावी. तिला विचारूनच हे लिहिले आहे. ती म्हणाली, "लायात. घोवाक खबर ना, ही कोण पूनम म्हणून विचारतलो." घोव म्हणजे आमचा गौरेश.

५. तिच्यासाठी, आणि पुढे ती ज्यांना शिकवील त्यांच्यासाठी, खोलीची मांडणी लिहून ठेवतो. असा स्टुडिओ कोणालाही घरात करता येतो, त्यासाठी म्हापशाला दुकान थाटावे लागत नाही.

खिडकी उत्तरेची हवी, कारण तिच्यातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. काचेवर पातळ मलमल ताणून लावावी. स्टूल खिडकीपासून हातभर मागे आणि किंचित तिरपे. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली. ती सावली काळी पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला पांढरे कापड उभे करावे, म्हणजे त्यावर आपटून उजेड परत येतो. मागे करडी कांबळ, स्टुलापासून चांगली दूर, नाहीतर सावली तिच्यावर चढते. कॅमेरा तिपाईवर, बाईच्या डोळ्यांच्या उंचीला. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरून पाहावे लागते, मान खाली घालावी लागते. हा त्याचा मोठा गुण. समोरची बाई आपल्याकडे कोणी टक लावून बघत आहे असे समजत नाही. तिला वाटते आपल्याला कोणी नमस्कार करत आहे. न्हाणीत फोटो धुण्यासाठी लाल दिवा आणि तीन थाळ्या आहेतच. धुलाईचे शेवटचे पाणी विहिरीचे घ्यावे आणि ते गाळून घ्यावे. नळाच्या पाण्याने डाग राहतात.

पांढऱ्या कापडाविषयी थोडे अधिक. ते म्हणजे राजभाषा आंदोलनातला माझा फलक आहे. एका बाजूला तांबड्या अक्षरांत 'मराठी राजभाषा झालीच पाहिजे' असे लिहिले आहे. मागून अस्तर शिवल्यामुळे दुसरी बाजू शुभ्र आहे, आणि तीच बायांकडे असते. ते कापड बदलू नये, धुवावे.

६. मतांविषयी. मते हीही मालमत्ताच. सदुसष्टच्या कौलात मी फुलासाठी, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी, बोललो आणि हरलो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला, त्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला बाजूची खुर्ची मिळाली. मे महिन्यात घटकराज्य झाले तेव्हा मी दिवा लावला, पण खुर्ची विसरलो नाही. ज्या भाषेत आमच्या गावाने भजन केले, पोथ्या वाचल्या, नाटके केली, शाळा काढल्या, ती आमच्या घरातली पाहुणी नाही. हे मत मी मरताना बरोबर नेणार नाही. ते ज्याला हवे त्याने घ्यावे. माझी पुस्तके पेडण्याच्या वाचनालयाला द्यावीत. समासातल्या माझ्या शिव्या खोडू नयेत.

हातातला भोंगा हरमलच्या शाळेच्या खेळाच्या मास्तरांना द्यावा.

७. गोकुळदास मास्तर. एका शाळेत, एका बाकावर बसून आम्ही दोघांनी डबे खाल्ले. तो कोंकणीच्या बाजूला गेला, मी मराठीच्या. शेवटची भेट देवळाच्या पायऱ्यांवर झाली, अडीच वर्षांपूर्वी. मी म्हणालो, "गोकुळदास, तू मायेला विसरलास." तो म्हणाला, "आवय म्हण, गणपत. घरांत तूंय आवयच म्हणटालो." त्यानंतर आम्ही वाट बदलून चालतो. हरमलात वाटा थोड्या आहेत, त्यामुळे हे कष्टाचे काम आहे.

त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर आहे, चांगले तासाभराचे आहे. पण त्या ट्रंकेपाशी बसले की एक गोष्ट दिसते. मी मायेसाठी घसा फोडला, त्याने आवयसाठी. माझी आई माझ्या भिंतीवर नाही. तिचे तोंड मी कुठल्याच घोळक्यात शोधू शकलो नाही. त्याची आई, देवकीआजी, अजून अंगणात काजूच्या बिया वाळवते, आणि त्याच्याही भिंतीवर तिचा फोटो नाही. माझ्या खोलीत ती आलेली नाही. मुलाच्या शब्दाबाहेर जाणारी बाई नव्हे ती. तिचे वय अठ्ठ्याऐंशी आहे.

गोकुळदासला मी काहीही देत नाही. फक्त या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून यावे असा निरोप सुविधाकडून पाठवला आहे. माझ्या बाजूने खोटे बोलणार नाही असा माणूस मला साक्षीला हवा, आणि तसा दुसरा मला माहीत नाही. मजकूर सही करण्यापूर्वी त्याला वाचून दाखवला जाईल. येईल की नाही ते हे कलम लिहिताना सांगता येत नाही.

८. सोनाबाई. तिचा आणि माझा एकच फोटो आहे, सुविधाने याच खोलीत काढलेला. खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याचा पडदा थोडा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ सोनाबाई स्थिर बसली. मी सुविधाला सूचना देत होतो. त्यामुळे फोटोत ती स्वच्छ आहे आणि तिच्या शेजारी धूर आहे. मी दुसरा काढायला सांगितला. सोनाबाई म्हणाली, "नाका. होच बरो. तू असोच आसा."

माझ्या पश्चात तोच फोटो भिंतीवर लावावा. माझा एकट्याचा लावू नये, हार घालू नये. आणि माझ्या जाण्याने सोनाबाईच्या कपाळावरचे कुंकू कोणी पुसायचे नाही. ते तिने मला पाहण्याआधीपासून, पोरवयापासून लावले आहे. त्यावर माझा हक्क कधीच नव्हता, मग माझ्याबरोबर ते जाईल कसे? ज्याला हे रुचणार नाही त्याने बाराव्याला जेवून जावे, पण कपाळाकडे हात नेऊ नये.

तिने एकटीने स्टुलावर बसावे अशी माझी इच्छा आहे. आजवर ती म्हणत आली, "एकटी भिंतीर बसूंक हांव मेलां?" म्हणून तिला आज्ञा करत नाही, विनंती लिहितो. फोटोसाठी उघडपणे येणारी गावातली पहिली तू हो. मागल्या दाराने नको, पुढल्या दाराने ये. तुझे माहेरचे नाव मला माहीत आहे. ते इथे लिहिणार नाही. सुविधा विचारील.

९. आणि तुम्ही. तुम्हाला मी आजवर मोर्चाला बोलावले, सभेला बोलावले, पणजीला नेले, उन्हात बसवले. आता एकदाच बोलावतो, आणि घोषणा एकही द्यायची नाही. हे मृत्युपत्र वाचले जाईल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, माझ्या घरी या. फुले आणू नका. शोकसभा घेऊ नका. मला चांगला म्हणणारी भाषणे मी ऐकलेली आहेत, बरीचशी मीच लिहून दिलेली. पुढल्या दाराने या, चपला काढा, आणि तुमची आई अजून हाताशी आहे तोवर तिला घेऊन या.

वरील सर्व मजकूर माझ्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना काल वाचून दाखवला, आणि आज पेडण्याच्या नोटरीकडे नोंदवण्यासाठी सही करून ठेवला.

हरमल, गुरुवार, दिनांक २१ जानेवारी १९८८

(सही) गणपत बाबली पालयेकर

साक्षीदार पहिली: शेवंती, राहणार मांद्रे. मजकूर ऐकला. हार मीच काढला हे खरे आहे. आता माझा फोटो ट्रंकेत आहे. (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार दुसरा: गोकुळदास, निवृत्त शिक्षक, राहणार हरमल. म्हज्या मुखार सही जाली. भाशेविशींचें कलम म्हाका मान्य ना, तें हांगा नोंद करतां. काल हें आयकून घरा गेलों आनी आवयक कुळारचें नांव विचारलें. पयलीं हांसली, मागीर सांगलें. तुज्याच सारकें तें नांव हांगा बरयना. गणपत, तुज्या मरणाची वाट पळोवन रावूंक म्हाका वेळ ना. ह्याच आयताराक तिका घेवन येतां, पुडल्या दारांतल्यान. फलकाची कोरी बाजू तिचे कडेन कर. (सही) गोकुळदास